सीतेच्या वेणीचें माहेर

फुलझाडांशीं आपल्या घरांचें नातें फार जुनें आहे. तुळशीवृंदावनाशेजारचा अनंत, परसांतील जास्वंद, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली कर्दळ, मांडवावर चढलेली जाई, यांची निगा कशी राखावी हें आपल्या वडील मंडळींना कोणीं शिकवावें लागत नाहीं. माती, खत आणि पाणी वेळच्या वेळीं मिळालें, कीं हीं झाडें आपलें ऋण फुलांनीं फेडीत असतात. परंतु अलीकडे आपल्या घरांत एक निराळी पाहुणी येऊं लागली आहे. वास्तुशांतीला किंवा वाढदिवसाला कोणी आप्त एक देखणी कुंडी आणून देतात. तिच्या लांब दांड्यावर पांढरीं किंवा जांभळीं फुलें, फुलपाखरें बसावीं तशीं, ओळीनें बसलेलीं असतात आणि दोन दोन महिने कोमेजत नाहींत. पुढें फुलें गळतात, पानें पिवळीं पडतात, आणि वर्षाच्या आंत ती कुंडी अडगळींत जाते. या पाहुणीस इंग्रजींत ऑर्किड म्हणतात. मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ तिला ‘आमरी’ या सुटसुटीत नांवानें ओळखतात. ‘फार नाजूक जात, आपल्या हवेंत जगावयाची नाहीं,’ असा शेरा तिच्यावर बहुतेक घरांतून ऐकूं येतो. हा शेरा कितपत खरा आहे हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें वैशाखाच्या अखेरीस एकदां सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून जावा.

मोती तलावाच्या कांठीं वसलेलें सावंतवाडी गांव आपल्या लांकडी खेळण्यांमुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. येथून आंबोली सुमारें ३० किलोमीटर. घाटास लागण्यापूर्वीं वाट आंबा, फणस, काजू आणि सुपारी यांच्या बागांमधून जाते, आणि अशाच एका बागेंत आमचा पहिला मुक्काम झाला. यजमानांच्या परसांत एक जुना रायवळ आंबा होता. त्याच्या पहिल्या बेचक्यांतून जाड, पन्हळीसारखीं पानें दोहों बाजूंस पसरलीं होतीं, आणि पानांच्या बगलेंतून दीड वीत लांबीचे दोन घोस खालीं लोंबत होते. एकेका घोसांत दाटीनें बसलेलीं असंख्य लहान फुलें. पाकळ्या पांढऱ्या, आणि त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके. दुरून पाहिलें तर कोणी अंबाड्यांत माळावयाची वेणी गुंफून फांदीला टांगून ठेवली आहे असेंच वाटावें. म्हणूनच आपल्याकडे हिला सीतेची वेणी म्हणतात; कोठें कोठें द्रौपदीची वेणी असेंहि नांव आहे, आणि तिच्यासारखेच घोस धरणाऱ्या दुसऱ्या एकदोन जातींनाहि लोक हींच नांवें देतात. शास्त्रीय नांव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. आसामांत हेंच फूल ‘कपौ फूल’ म्हणून बिहूच्या नृत्याच्या वेळीं तरुणी केसांत माळतात, आणि त्या प्रांतानें त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

आमच्या बरोबरचे एक गृहस्थ तें पाहून म्हणाले, “तात्या, हें बांडगूळ वेळींच काढून टाका. नाहींतर एवढा आंबा खाऊन टाकील.”

तात्या हांसले. “अहो, माझ्या आजोबांच्या वेळेपासून तें तेथें आहे. आंबाहि आहे, आणि तेंहि आहे.”

“मग याला खतपाणी कोण घालतो?”

यजमानांनीं उत्तर देण्यापूर्वींच खळ्याच्या कडेला नारळ सोलीत बसलेला गडी म्हणाला, “ह्येका कोण पाणी घालता? पाऊसच घालता!”

आमरीच्या संगोपनाचें सारें शास्त्र त्या एका वाक्यांत आलें आहे असें म्हटलें तरी चालेल. परंतु त्यापूर्वीं त्या गृहस्थांच्या शंकेचें निरसन करणें जरूर आहे. कारण याच गैरसमजापायीं किती तरी बागांतून या वेली कोयत्यानें खरडून टाकल्या जातात. बांडगूळ आणि आमरी दोन्ही झाडावर राहतात खरीं, पण त्यांच्या वर्तनांत ऋणकरी आणि भाडेकरी यांच्याइतकें अंतर आहे. बांडगुळाचीं मुळें यजमान वृक्षाच्या लांकडांत शिरून त्याचा रस ओढून घेतात. त्यामुळें पुढली फांदी हळूहळू वाळते. आमरीचीं मुळें सालीला केवळ धरून असतात, आंत शिरत नाहींत. तिचीं पानें हिरवीं आहेत, आपलें अन्न तीं आपणच तयार करतात. पाणी ती पावसाचें आणि धुक्याचें घेते. क्षार घेते ते सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यांतून आणि बेचक्यांत कुजलेल्या पाल्यांतून. झाडाकडून तिला पाहिजे असतो तो फक्त उंचावरचा आसरा.

हा आसरा कोणत्या झाडाचा, याकडे जुन्या लोकांचें बारकाईनें लक्ष असे. सतराव्या शतकांत कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड यानें मलबारांतील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळांत प्रसिद्ध झाला. या कार्यांत त्याला साह्य करणारांत रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते, आणि त्यांचें नागरी लिपींतील निवेदन पहिल्या खंडांत छापलेलें आहे. त्या ग्रंथाच्या शेवटल्या खंडांत आपल्या या सीतेच्या वेणीचें चित्र आहे आणि नांव आहे ‘आंजिली-मरवरा’. आंजिली हा फणसाच्या कुळांतील वृक्ष. तिच्याच एका जाड पानांच्या बहिणीचें नांव तेथें ‘कांजिरम्-मरवरा’ असें आहे, आणि कांजिरम् म्हणजे आपला काजरा. नांवाबरोबर घराचा पत्ताहि सांगून ठेवण्याची ही पद्धत किती शहाणपणाची! आपण मात्र बाजारांतून कुंडी आणतांना पाहुणीचें नांव विचारतों, तिचें घर विचारीत नाहीं.

तें घर पाहण्यासाठीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही घाट चढलों. दाणोली मागें पडली कीं रस्ता वळणें घेऊं लागतो, दरीकडून वारा येतो, आणि अर्ध्या तासांत कोंकणचा घाम विसरावयास होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच आहे. हिरण्यकेशी नदी येथेंच एका गुहेंतून उगम पावते. वर्षाकांठीं येथें सुमारें ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पुण्यास जेवढा पाऊस होतो त्याच्या जवळ जवळ दहापट. परंतु तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढें पौष-माघापासून आठवडेच्या आठवडे आकाशांतून थेंब पडत नाहीं. रानांतील झरे आटतात, सड्यावरील गवत वाळून पिवळें होतें, जांभा दगड उन्हानें तापतो. चार महिने जलप्रलय आणि पुढें कित्येक महिने उपवास, अशा ठिकाणीं जी वनस्पति जमिनीचा आधार न घेतां, एका फांदीवर, उघड्या मुळांनिशीं पिढ्यान् पिढ्या जगते, तिला नाजूक म्हणावयाचें तरी कसें?

आंबोलीच्या रानांत जांभूळ, अंजनी, हिरडा या झाडांच्या फांद्यांवर शेवाळ्याचा जाड थर चढलेला असतो. त्यांत नजर स्थिर केली, कीं एकेक आमरी दिसूं लागते. कोठें नखाएवढ्या कंदांची चटई सालीला चिकटलेली. कोठें एरायडिसचे गुलाबी घोस. कोठें वीतभर लांबीच्या नुसत्या वाळक्या काड्यांचा झुबका. ह्या काड्या म्हणजे डेंड्रोबियम. पावसाळा संपला कीं त्यांचीं पानें गळून पडतात, आणि पाहणारास झाड मेलें असें वाटतें. पण माघ-फाल्गुनांत त्याच उघड्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. आम्ही गेलों तेव्हां तो बहर ओसरून गेला होता आणि काड्यांच्या बुडाशीं नवे हिरवे कोंब फुटूं लागले होते. पहिल्या पावसाची वार्ता त्यांना आमच्या आधीं लागली होती.

तेथें थोडा वेळ उभें राहून पाहिलें म्हणजे चार गोष्टी ध्यानांत येतात. पहिली वाऱ्याची. एकहि मूळ मातींत नाहीं. सगळीं वाऱ्यांत मोकळीं किंवा सालीवर पसरलेलीं आहेत. दुसरी उन्हाची. शेंड्यावरच्या रखरखीत उन्हांत आमरी क्वचितच आढळते आणि बुंध्याशीं दाट अंधारांतहि क्वचितच. पानांच्या जाळींतून गाळून आलेलें ऊन जेथें पडतें, त्या मधल्या मजल्यावर तिची वस्ती. तिसरी गोष्ट पाण्याची. पाऊस कितीहि कोसळला तरी फांदीवरून तो क्षणांत निथळून जातो. मुळें भिजतात, पण पाण्यांत बुडून राहत नाहींत. चौथी विश्रांतीची. वाढीचे महिने निराळे, आणि उपासाचे निराळे.

मुळांची रचनाच या आयुष्यक्रमास साजेशी आहे. त्यांच्याभोंवतीं मृत पेशींचें एक पांढुरकें वेष्टण असतें. टीपकागद शाई टिपतो तसें तें सरीचें पाणी टिपून घेतें, आणि मग आंतील मुळाला तें सावकाश पुरवितें. कोरडें असतांना हें वेष्टण रुपेरी दिसतें. भिजलें म्हणजे त्यांतून आंतील हिरवा रंग दिसूं लागतो. हीं मुळें सदा ओल्या मातींत पुरलीं, तर त्यांना हवा मिळत नाहीं, आणि तीं कुजतात. आपल्या घरांतील आमऱ्या बहुतेक अशाच मरतात. त्या दुर्लक्षानें मरत नाहींत, लळ्यानें मरतात.

एकत्र कुटुंबांत हा धोका अधिकच. सकाळीं देवाचीं फुलें काढतांना आजोबा कुंडींत तांब्याभर पाणी ओततात. दुपारीं कुंडी कोरडी दिसली म्हणून धाकट्या वहिनी ओततात. संध्याकाळीं मुलें झारी घेऊन येतात. जास्वंदीला हें प्रेम मानवतें, आमरीला मानवत नाहीं. तेव्हां पहिला नियम हा, कीं घरांतील कोणा एकाच व्यक्तीनें तिची जबाबदारी पत्करावी, आणि पाणी घालण्यापूर्वीं मुळांकडे पाहावें. रुपेरी असतील तर पाणी द्यावें, हिरवीं असतील तर परत फिरावें. पावसाळ्यांत बाहेर टांगलेल्या आमरीला पाणी मुळींच नको. हिवाळ्यांत आठवड्यांतून एकदोनदां पुरे. उन्हाळ्यांत लहान कुंड्या रोजहि मागतील, पण तें पाणी सकाळीं द्यावें, म्हणजे रात्रीपूर्वीं पानांचे सांधे कोरडे होतात.

कोणती जात घ्यावी हें घराच्या हवेवर ठरवावें. मुंबई, कोंकण आणि गोवें या दमट पट्ट्यांत डेंड्रोबियमच्या थायलंडकडून येणाऱ्या संकरित जाती सर्वांत सोशिक. त्यांची सगळीं पानें एकदम गळत नाहींत, म्हणून त्यांना रानांतील डेंड्रोबियमसारखा कडक उपास घालूं नये. सकाळचें दोनतीन तास ऊन मात्र द्यावें. पुणें-नाशिककडे, जेथें सदनिकेच्या खिडकीवांचून दुसरी बाग नाहीं, तेथें फॅलेनॉप्सिस चांगली. भेट म्हणून येणारी ती फुलपाखरासारखी कुंडी बहुधा हिचीच असते. तिला पूर्वेची खिडकी मानवते. पानांच्या मध्याशीं जो गाभा असतो त्यांत पाणी साचूं देऊं नये. तेथें साचलें कीं झाड मधूनच कुजतें. मार्गशीर्षाच्या सुमारास रात्री थंड होऊं लागल्या, कीं तिला नवा दांडा फुटण्याचा संभव असतो. तेव्हां फुलें गेलीं म्हणून तिला केराची वाट दाखवूं नये. ज्यांना झाड मातींतच लावावयाचें असेल त्यांनीं स्पॅथोग्लॉटिस ही भुईंत वाढणारी जांभळी आमरी लावावी. आणि देशावरील कोरड्या हवेंतल्या मंडळींनींहि निराश होऊं नये; वांडा टेसेलाटा ही जात, जिला बंगालकडील वैद्य रास्ना म्हणतात, ती सपाटीवरील उन्हांतहि आंब्या-बाभळींवर तग धरते. वांडाच्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती मात्र उघड्या मुळांनीं टांगाव्या लागतात आणि रोज पाणी मागतात. तेवढी सवड असेल त्यांनींच त्यांच्या वाटेस जावें.

कुंडी भरतांना बागेची माती मुळींच वापरूं नये. विटेचे तुकडे, लांकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढ्यानें काम भागतें. सोडण प्रथम दोनतीन दिवस पाण्यांत भिजत घालून तें तांबडें पाणी पुनः पुनः ओतून टाकावें. कुंडीला बुडाशीं आणि बाजूंनाहि भोंकें असावींत. दोनतीन वर्षांनीं सोडण कुजून त्याचा भुगा होतो. तेव्हां नवे कोंब फुटण्याच्या सुमारास तें बदलावें, आणि काळीं पडलेलीं मुळें विस्तवावर धरलेल्या कात्रीनें छाटावींत. खत वाढीच्या दिवसांतच, पंधरवड्यांतून एकदां, आणि पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या चौथाई. पानांच्या मागें खवले कीड दिसली तर साबणाच्या सौम्य पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसून काढावी. पावसाळ्याच्या रात्रीं गोगलगाई कोंवळे कोंब खातात. कंदील घेऊन त्या वेंचणें हा मुलांच्या आवडीचा उद्योग होऊं शकतो. उन्हाचें प्रमाण पानेंच सांगतात: तीं गर्द हिरवीं होऊन फुलें येईनाशीं झालीं तर ऊन कमी, पिवळट पडलीं किंवा काळे डाग उठले तर अधिक.

ज्यांच्या दारीं झाड आहे त्यांना कुंडीचीहि गरज नाहीं. आंबा, फणस, चांफा यांची साल आमरीला चालते. पेरूची साल सुटून गळत असल्यामुळें तो टाळावा. मृगाच्या पहिल्या सरी झाल्यावर झाडाच्या पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील बाजूस बेचका पाहून रोप काथ्यानें किंवा जुन्या धोतराच्या पट्टीनें घट्ट बांधावें. तें हलत राहिलें तर मुळें धरीत नाहींत. चार महिन्यांत मुळें सालीवर पसरतात, आणि पट्टी आपोआप कुजून जाते तोंवर तिचें काम संपलेलें असतें.

आतां एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आंबोलीसारख्या ठिकाणीं गेलेल्या माणसाच्या मनांत हटकून एक विचार येतो, कीं एवढें रान भरलेलें आहे, त्यांतून एक झुबका ओढून घरीं नेला तर काय बिघडलें? अशाच विचारानें मोठमोठे लोकहि वागले आहेत. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यानें १८५० सालीं खासी डोंगरांतून निळ्या वांडाचीं सात हमालांच्या ओझ्याइतकीं झाडें लंडनजवळील क्यू येथील बागेसाठीं गोळा केलीं. त्यांतलीं फारच थोडीं जिवंत पोंचलीं. पाठोपाठ व्यापारी आले, आणि त्या फुलाचें माहेर उजाड होत गेलें. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं वनस्पतींना संरक्षण देण्यांत आलें, तेव्हां त्या मोजक्या नांवांत या निळ्या वांडाचें नांव घालावें लागलें.

रानांतून उपटलेली जागा भरून येणें किती कठीण असतें हें कळलें म्हणजे हात आपोआप मागें येतो. आमरीच्या एका शेंगेंत धुळीसारखीं हजारों बीजें असतात. पण त्यांत दाण्याप्रमाणें अन्नाचा सांठा नसतो. सालीवर योग्य ती बुरशी भेटली तरच तिच्या आधारानें बीज रुजतें. हें रहस्य फ्रान्समधील नोएल बर्नार यानें १८९९ सालीं उघडकीस आणलें. बाकीचीं बीजें वाऱ्यावर जातात. रुजलेल्या रोपाला फूल धरावयास कित्येक वर्षें लागतात. म्हणजे आपण ज्याला एक झुबका म्हणतों, तो हजारोंतून वांचलेला एक जीव असतो, आणि बहुधा आपल्या गॅलरींत तो दुसरा उन्हाळा पाहत नाहीं.

सुदैवानें आतां रानाकडे हात पसरण्याचें कारणच उरलेलें नाहीं. १९२२ सालीं अमेरिकेंत ल्यूइस नड्सन यानें साखर आणि क्षार यांच्या थिजविलेल्या मिश्रणावर, बुरशीवांचून, हीं बीजें रुजवून दाखविलीं. १९६० सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज मोरेल यानें कोंबाच्या टोंकापासून एका रोपाचीं असंख्य रोपें करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज रोपवाटिकेंत मिळणारी डेंड्रोबियम किंवा फॅलेनॉप्सिस या रीतींनीं कांचेच्या बाटलींत जन्मलेली असते, आणि तिच्यासाठीं कोणतेंहि रान रितें झालेलें नसतें. सीतेची वेणीहि अशीच वाढविलेली मिळूं शकते. विकणारास तें रोप कोठलें हें विचारावें. मुळांना रानची साल आणि शेवाळें चिकटलेलें असेल, पानें फाटलेलीं आणि मुळें तुटलेलीं असतील, तर तें कितीहि स्वस्त असलें तरी घेऊं नये. घाटांत वादळानें मोडलेली फांदी आमरीसकट रस्त्यावर पडलेली दिसली, तर ती तेथल्याच जवळच्या उभ्या झाडाला बांधून द्यावी. जमिनीवर ती थोड्याच दिवसांत कुजते.

परततांना आम्ही पुन्हा तात्यांच्या परसांत थांबलों नाहीं. पाऊस दरींतून वर चढूं लागला होता आणि घाट उतरण्याची घाई होती. परंतु गाडींतील त्या शंकेखोर गृहस्थांनीं वाटेंत एक निश्चय बोलून दाखविला. त्यांच्या पुण्याच्या घरीं भेट आलेली एक कुंडी फुलें गळाल्यापासून जिन्याखालीं पडली होती. ती काढून, कुजलेलीं मुळें छाटून, ताज्या सोडणांत लावावयाची आणि पूर्वेच्या खिडकींत ठेवावयाची. आणि तिच्यावर एक चिठ्ठी लावावयाची, कीं मुळें पाहिल्यावांचून कोणींहि पाणी घालूं नये. ज्या वाचकांच्या घरीं अशीच एखादी कुंडी असेल, त्यांनींहि ती टाकण्यापूर्वीं तिचीं मुळें एकदां पाहावींत. दोन मुळें जरी टणक आणि रुपेरी असतील, तरी ती जिवंत आहे.